कलम सात आणि चौदा नंबरचं झाड

"अहो, वारा सुटलाय. गच्चीवर जाऊ नका," काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडल्या.

"झाडांच्या देखभालीच्या करारात लिहिलंय," नियमकाका लोखंडी जिना चढता चढता म्हणाले. "वादळापूर्वीचा फोटो नसेल, तर वादळानंतरची तक्रार चालत नाही."

"आणि वादळात जो माणूस गच्चीवर असेल, त्याचं काय लिहिलंय?"

त्याबद्दल करारात काहीच नव्हतं. काका डोक्यावर टोपी, बगलेत सभेचं रजिस्टर, खिशात पेन आणि हातात मोबाइल अशा तयारीनं गच्चीवर पोचले. कॉलनीत एकंदर एकवीस झाडं होती आणि अध्यक्ष म्हणून त्या सगळ्यांचे फोटो काढणं हे त्यांचं कर्तव्य होतं. तेरा फोटो झाले. चौदावं झाड म्हणजे त्यांच्याच कुंपणालगतची म्हातारी निलगिरी. काकांनी तिच्यावर कॅमेरा रोखला आणि बारा वाजून दहा मिनिटांनी वादळ, कसलीही पूर्वसूचना न देता, कॉलनीत शिरलं.

आधी कडाड् असा आवाज झाला. निलगिरीची एक जाडजूड फांदी जिन्यावर कोसळली आणि जिना पार चेपून गेला. मागोमाग दुसरी फांदी सुटली, पण ती खाली आली नाही. तिचं बूड झाडाच्या बेचक्यात अडकलं आणि शेंडा काकांच्या पाण्याच्या टाकीवर टेकला. मधलं सगळं वजन गच्चीवर अधांतरी डुलत राहिलं. काका त्या डुलण्याच्या एका बाजूला होते आणि जिना, म्हणजे जिन्याचं जे काही उरलं होतं ते, दुसऱ्या बाजूला.

"अहो!" काकू किंचाळल्या. "आहात ना?"

"आहे!" वरून आवाज आला. "फोटो मात्र हललाय."

कॉलनीत त्यांना नियमकाका म्हणत, ते काही उगाच नाही. वजनमापं खात्यात त्यांची छत्तीस वर्षं नोकरी झाली होती. सख्ख्या मेहुण्याच्या दुकानातला तराजू आठ ग्रॅमनी खोटा निघाला, तेव्हा त्यांनी तोही सील केला होता. मेहुणा त्यानंतर सहा वर्षं बोलला नाही. काकूंना भाऊ तुटल्याचं दुःख होतं, पण बाहेर कुठे विषय निघाला की त्या मान वर करून म्हणत, "आमच्याकडे मापात पाप नाही."

निवृत्तीनंतर काका कॉलनीचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी नियमावली लिहून काढली. तिचं सातवं कलम त्यांना पोटच्या पोरासारखं प्रिय होतं: 'समिती सदस्याच्या नात्यातली कोणतीही व्यक्ती, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, कॉलनीचं कोणतंही काम करणार नाही.' 'अप्रत्यक्ष' या शब्दाखाली त्यांनी स्वतः पट्टी लावून रेघ मारली होती.

पंचाईत अशी, की खरोखरच्या पोटच्या पोरीचा धंदा झाडांचा होता. वनशास्त्र शिकून आलेली ही मुलगी चार माणसं हाताशी धरून गावातली झाडं तपासायची, छाटायची आणि वादळात पडलेली उचलायची. आठ महिन्यांपूर्वी कॉलनीनं झाडांच्या देखभालीसाठी अर्ज मागवले, तेव्हा तिनंही एक पाकीट दिलं होतं. काकांनी ते न उघडता, 'नात्यामुळे विचारात घेता येत नाही' असा शेरा मारून परत केलं. परत केलं म्हणजे रात्रीच्या जेवणाला तिच्या ताटाशेजारी ठेवलं. काम गेलं दूरच्या मोठ्या शहरातल्या एका कंपनीला. त्या दिवसापासून बापलेक घरात सगळ्या विषयांवर बोलत, फक्त झाडांवर नाही. घरात कुंडीला पाणी घालायचं असलं तरी दोघंही काकूंच्या मार्फत सांगत.

आता काकांनी गच्चीवरून कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. खाली शेजारी जमले होते.

"झाड उभं असल्यास एक दाबा," फोनमधल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या. "झाड आडवं असल्यास दोन दाबा."

काकांनी वर पाहिलं. "तिरकं आहे हो," ते म्हणाले.

"आपण चुकीचा पर्याय निवडला आहे."

"मी काही निवडलंच नाही!"

"दोन दाबा ना काका," खालून उपाध्यक्ष ओरडले. हे प्लायवूडचे व्यापारी. मनानं उदार, पण घाई अंगात भिनलेली. "नाहीतर मी शिडी आणतो."

"शिडी जिन्याखाली आहे," काका म्हणाले.

कॉलनीची एकुलती एक शिडी कुणी घरी नेऊन ठेवू नये म्हणून अध्यक्षांच्याच जिन्याखाली साखळीनं बांधून, कुलूप लावून ठेवावी, हे कलम अकरा होतं. शिडी अजूनही तिथेच होती, कुलूपही शाबूत होतं. फक्त दोन्हींच्या वर फांदी होती.

शेजारच्या डेंटिस्टबाईंनी अग्निशमन केंद्राला फोन लावला आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला. "ते म्हणतात, आम्हीच अडकलोय. त्यांच्या फाटकासमोर झाड पडलंय, गाडी बाहेर निघत नाही. झाडवाल्या ताईंची वाट बघतायत."

'झाडवाल्या ताई' म्हणताच सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी गच्चीकडे पाहिलं आणि काकांनी आभाळाकडे.

"कलम सात," आभाळाकडे बघतच काका म्हणाले.

"मग राहू दे," उपाध्यक्ष म्हणाले. "आपण काय हातात बांगड्या भरल्यात? दोर आणा!"

दोर आला. त्यांनी त्याचं एक टोक जिन्यावरच्या फांदीला बांधलं आणि दुसरं आपल्या नव्या कोऱ्या गाडीच्या मागच्या बंपरला. डेंटिस्टबाई म्हणाल्या, "आधी मुळं कुठवर गेलीत ते बघून ओढावं." त्यांचं म्हणणं दाताच्या अनुभवातून आलेलं होतं, पण कुणी ऐकलं नाही. उपाध्यक्षांनी गाडी सुरू केली. दोर ताणला, गाडी गुरगुरली, आणि एका झटक्यात गाडी वीस फूट पुढे गेली. बंपर मात्र फांदीपाशीच राहिला.

तेवढ्या झटक्यानं खालची फांदी वीतभर सरकली, आणि तिच्याबरोबर वरचीही. टाकीला कर्र् असा आवाज झाला. काका कठड्याला चिकटून उभे राहिले. इतका वेळ त्यांना फक्त गैरसोय वाटत होती, आता पहिल्यांदा भीती वाटली.

काकूंनी मग कलम सात, अकरा आणि उरलेली सगळी बाजूला ठेवून लेकीला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"आई, पटकन बोल. मी हॉस्पिटलच्या फाटकात आहे. अँब्युलन्स आत अडकलीय." मागे मोटरची करवत घरघरत होती.

"अगं, बाबा गच्चीवर अडकलेत. ते चौदा नंबरचं—"

करवत बंद झाली. "जिन्यावर पडली का एक फांदी? आणि दुसरी टाकीवर?"

काकूंनी फोनकडे पाहिलं. "तुला कसं कळलं?"

"ते नंतर. टाकीला तडा गेलाय?"

"नाही, पण आत्ता गाडीनं ओढली तेव्हा कर्र् झालं."

"गाडीनं? कोणी ओढली?" तिच्या आवाजाला अशी धार चढली की उपाध्यक्ष दोन पावलं मागे सरकले. "दोर सोडा आधी! खालची फांदी वरचीला टेकू देतेय. तिला कुणी बोटसुद्धा लावू नका. बाबांना सांग, मावळतीकडच्या कठड्याच्या कोपऱ्यात बसा. उभं राहायचं नाही, खाली बसायचं. फांदी सुटलीच तर ती टाकीवरून उगवतीकडे घसरेल, त्या कोपऱ्यात येणार नाही."

काका सगळं ऐकत होते. ते निमूटपणे कोपऱ्यात जाऊन बसले.

"किती वेळात येतेस?" काकूंनी विचारलं.

"आई, हे फाटक झालं की एका आजीबाईंकडे जायचंय. त्यांचं ऑक्सिजनचं मशीन बॅटरीवर चाललंय आणि दारात झाड आडवं पडलंय. मग एका घराच्या पत्र्यावर खोड आहे, आत तान्हं मूल आहे. मग अग्निशमनचं फाटक, म्हणजे ती माणसंही कामाला लागतील. मग बाबा. बाबा पाचवे."

"पाचवे?" काकूंचा आवाज चढला. "अगं, बाप आहे तुझा!"

"म्हणूनच दोनदा मोजलं," ती म्हणाली. "कोपऱ्यात बसले तर त्यांना धोका नाही. बाकीच्यांना आहे. माझी चारही माणसं दोन ठिकाणी वाटलीत, आई. येते मी."

खाली एकच गलका झाला. स्वतःच्या बापाला रांगेत उभं करते म्हणजे काय! उपाध्यक्षांनी आपल्या मोबाइलवरून तिला परत फोन लावला आणि आवाज शक्य तितका रडवेला केला. "ताई, लवकर या हो! काका बेशुद्ध पडलेत!"

"मी शुद्धीत आहे!" गच्चीवरून गर्जना झाली. "पूर्ण शुद्धीत! खोटं सांगून रांग मोडायची नाही! पाचवा म्हणजे पाचवा!"

"ऐकलं मी," फोनमधून मुलगी म्हणाली. तिनं फोन ठेवला, पण ठेवण्याआधी ती हसली असं डेंटिस्टबाई नंतर शपथेवर सांगत होत्या.

काका कोपऱ्यात मांडी घालून बसले. पाऊस थांबला होता, वारा अधूनमधून चिमटे काढत होता आणि दर चिमट्याला वरची फांदी कुरकुरत होती. तेवढ्यात मोबाइल वाजला. कंपनीच्या बाई होत्या, आणि या वेळी खऱ्याखुऱ्या.

"सर, आपली तक्रार नोंदवली आहे. आमच्याकडून तुमच्या चौदा नंबरच्या झाडाचा तपासणी अहवाल 'उत्तम' असा आहे."

"तपासणी कुणी केली?"

"आकाशातून काढलेल्या फोटोवरून, सर."

"आकाशातून बेचकं दिसतं?"

"सर, तुमच्या भागात आमचा माणूस नाही, म्हणून आम्ही काम तिथल्या मान्यताप्राप्त तज्ज्ञांकडे सोपवतो. लगेच जोडून देते, फोन ठेवू नका."

काकांना हायसं वाटलं. रीतसर मार्ग निघाला होता. तज्ज्ञ, तोही मान्यताप्राप्त! थोडा वेळ संगीत वाजलं, मग मागे करवत घरघरली.

"बोला."

काकांनी आवाज ओळखला. तिनंही त्यांच्या श्वासावरून ओळखलं असावं.

"बाबा, तुम्ही परत? सांगितलं ना, पाचवाच. आजीबाईंचं दार आत्ताच मोकळं झालं. आता तुमच्या आधी दोघंच आहेत. कोपऱ्यात बसलात ना?"

"बसलोय," काका म्हणाले. आठ महिन्यांत दोघं झाडाविषयी बोलले ते हे असं, आणि तेही कंपनीच्या मार्फत.

इकडे काकूंना मघापासून एक गोष्ट खात होती. जिन्यावरची फांदी आणि टाकीवरची फांदी पोरीला न बघता कशी कळली? त्या आत गेल्या, कपाटातल्या साड्यांखालून ते परत आलेलं पाकीट त्यांनी काढलं, एका बटाट्याला दोऱ्यानं गच्च बांधलं आणि बाहेर येऊन गच्चीवर भिरकावलं. पहिल्या फेकीत बटाटा उपाध्यक्षांच्या बागेत गेला. तो शोधून आणून पुन्हा फेकला, तेव्हा काकांच्या पायाशी पडला.

"आता तरी उघडा!" काकू ओरडल्या. "आता काही तुम्ही कचेरीत नाही बसलात!"

पाकिटावर त्यांच्याच अक्षरातला शेरा होता. काकांनी तो वाचला, मग पाकीट फाडलं. आत एकवीस झाडांची एकवीस पानं होती. प्रत्येक खोडाचा घेर, प्रत्येक फांदीचा कल, कुठे वाळवी, कुठे पोकळी, सगळं हातानं मोजून लिहिलेलं. मापं कशी घ्यावीत हे काकांना छत्तीस वर्षांच्या नोकरीतून ठाऊक होतं, आणि ही मापं घेणाऱ्यानं टेप ओढून, गुडघे टेकून घेतली होती. चौदाव्या पानावर लिहिलं होतं: 'बेचक्यात आतून चीर आहे. वजन उतरवलं नाही, तर मोठ्या वाऱ्यात जिन्याकडची फांदी आधी पडेल, दुसरी टाकीवर अडकेल. हे काम सर्वांत आधी करावं.' 'सर्वांत आधी'खाली पट्टी लावून रेघ मारलेली होती.

त्या रेघेकडे काका बराच वेळ पाहत राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याच वेळी छाती भरून आली. दोन्ही एकदम कसं वाटतं हे त्यांना कुणाला सांगता आलं नसतं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि रजिस्टर उघडलं.

साडेतीन वाजता टेम्पो कॉलनीत वळला. मागून चौघं उतरले. त्यातला एक इतका रुंद होता की त्याला सगळे खुंटाच म्हणत, कारण दोराचं दुसरं टोक नेहमी त्याच्या हातात असे. सर्वांत शेवटी मुलगी उतरली. हेल्मेटखाली चेहरा भुश्शानं माखलेला, हाताला खरचटलेलं. तिनं आधी वडिलांकडे पाहिलं नाही, झाडाकडे पाहिलं, आणि कमरेचा पट्टा आवळायला लागली.

"थांब!" काका कोपऱ्यातून ओरडले. "कलम सात!"

खालच्या सगळ्या मंडळींनी कपाळावर हात मारला. काकू म्हणाल्या, "या माणसाला वरच राहू द्या!"

"दोर फेका," काका म्हणाले.

खुंट्यानं सुतळीला बांधलेली वाळूची छोटी पिशवी अचूक कोपऱ्यात फेकली. काकांनी सुतळीला रजिस्टर बांधून खाली सोडलं. "उपाध्यक्ष, शेवटचं पान. मोठ्यानं वाचा."

उपाध्यक्षांनी चष्मा लावला. "'दुपारी दोन चाळीस. मी अध्यक्षपदाचा राजीनामा देत आहे. चौदा नंबरच्या झाडाबद्दल कॉलनीला वेळेवर आणि अचूक सूचना मिळाली होती. अध्यक्षांनी ती न वाचता परत केली. सूचना देणाऱ्या व्यक्तीइतकं या गावात झाडांतलं कुणाला कळत नाही. अध्यक्ष असताना मला हे लिहिता येत नव्हतं, म्हणून आधी राजीनामा दिला.'" त्यांनी वर पाहिलं. "पण काका, राजीनामा मंजूर करायला सभा—"

"कलम बारा. दिल्या क्षणी लागू. आता या समितीत तिच्या नात्याचं कुणी नाही. कामाला सांगा."

मुलगी पट्ट्याचा हुक लावत होती. हुक केव्हाच लागला होता, तरी ती खाली मान घालून तो लावतच राहिली. मग झाडावर चढली.

काका बसले होते त्या उंचीला ती पोचली, तेव्हा दोघांत दहा फुटांचं अंतर होतं. आजवर ते तिला झाडावर चढलेलं कधीच पाहायला गेले नव्हते.

"बाबा, डोकं खाली."

"डावा हुक तपासलास?"

"दोनदा."

"तिसऱ्यांदा तपास."

"तपासते," ती म्हणाली, आणि खरोखर तपासला.

तिनं लोंबणाऱ्या फांदीला दोन ठिकाणी दोर बांधले आणि वरच्या भक्कम फांदीवरून घेऊन खाली सोडले. खुंट्यानं शेजारच्या झाडाच्या बुंध्याला दोराचे तीन वेढे दिले आणि पाय रोवले. फांदी आता कुठे जाणार नाही याची खात्री झाल्यावरच तिच्या माणसांनी मावळतीला टेम्पोतली शिडी लावली आणि काकांना एकेक पायरी धरून उतरवलं. काकू पुढे झाल्या, नवऱ्याची टोपी सरळ केली आणि म्हणाल्या, "बटाटा आणलात का खाली?"

काकांचं लक्ष बटाट्याकडे नव्हतं. ते मान वर करून बघत होते. करवत फिरली, एक ओंडका सुटला आणि हवेतच थांबला. खुंट्यानं दोर हळूहळू ढिला केला. माणूसभर वजनाचा तो तुकडा तराजूच्या पारड्यात वजन ठेवावं तसा अलगद जमिनीला टेकला. टाकी फुटली नाही, कुंपण हललं नाही, काकूंच्या कुंड्यांतलं एक पान तुटलं नाही. असे अकरा तुकडे आले. काकांनी अकराही मोजले आणि दर तुकड्याला शेजाऱ्यांना सांगितलं, "बघितलंत? आवाज आला? नाही आला!"

शेवटी ती उतरली आणि तांब्याभर पाणी घटाघट प्यायली. "निघते आई. सहावा वाट बघतोय." मग वडिलांकडे वळली. "बाबा, पाचवा नंबर लावला, राग आला?"

"पहिला लावला असतास तर आला असता," काका म्हणाले. तिनं भुश्शानं माखलेला हात त्यांच्या टोपीवर क्षणभर ठेवला, आणि टेम्पो निघून गेला.

पुढच्या चार दिवसांत कॉलनीनं कंपनीचा करार मोडला आणि झाडं गावातल्या ताईंच्या हवाली केली. काका सभेला प्रेक्षक म्हणून मागच्या रांगेत बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला ते थांबवून सांगत, "मुलीनं मला तीन तास वीस मिनिटं बसवून ठेवलं. पाचवा होतो मी!" लोकांना वाटे हे गाऱ्हाणं आहे, पण काकांच्या मिश्या फुललेल्या असत.

पाचव्या दिवशी सकाळी कंपनीचा शेवटचा फोन आला.

"सर, आम्ही पाठवलेल्या तज्ज्ञांना दहापैकी किती गुण द्याल?"

काकांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते काकूंना पोळपाटावरून दिसत होतं.

"मला गुण देता येणार नाहीत," ते अखेर म्हणाले. "ती माझी मुलगी आहे." काकूंनी फोन घ्यायला पिठाचा हात पुढे केला, तशी त्यांनी मान हलवली. "तूही आई आहेस."

मग पायात घाईघाईनं चपला सरकवून, फोन तसाच हातात धरून ते कुंपणापर्यंत गेले. बंपर परत बसवून घेतलेली गाडी उपाध्यक्ष पुसत होते. काकांनी फोन त्यांच्या हातात दिला.

"तुम्ही सांगा. नात्यातले नाही आहात. जरा मोठ्यानं सांगा."

आणि ते मुद्दाम पाठ फिरवून, चौदा नंबरच्या झाडाकडे बघत उभे राहिले. उपाध्यक्ष फोनवर बोलले, हसले, आणि फोन परत दिला.

"किती दिलेत?" काकांनी झाडाकडेच बघत विचारलं.

"दहा."

काकांचा चेहरा उतरला.

"फक्त दहा?"